चाळीस पंख्यांची चौकशी

आमच्या शेजारचे ड्रायव्हरदादा पंधरा वर्षं एकाच रस्त्यावर ट्रक चालवतात. जुन्या गोदामातून नव्या गोदामात माल न्यायचा, नव्यातून जुन्यात आणायचा. अंतर सात किलोमीटर, पण घरी उतरतात ते जग जिंकून आल्यासारखे.

परवा मात्र दादांचा चेहरा पडलेला. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "पंख्यांची चाळीस खोकी सोमवारी तिकडे नेली, गुरुवारी तीच परत आणली. एकाचा कोपरा माझ्याच हातून चेपलाय, म्हणून ओळखली. सहा महिने हेच चाललंय! साहेबांना सांगावं तर माझ्या फेऱ्या बंद होतील, न सांगावं तर मन खातं."

वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा रोज सकाळी जाता आणि संध्याकाळी जसेच्या तसे परत येता. मी केली का कधी तक्रार?"

पण दादा पडले सरळमार्गी. दुसऱ्या दिवशी नोकरीवर पाणी सोडायच्या तयारीनेच ते साहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. साहेब हादरले. त्यांनी तडकाफडकी चौकशी समिती नेमली आणि पुरावा म्हणून ती खोकी दर बुधवारी मुख्य कचेरीत हजर करायचा हुकूम काढला. मुख्य कचेरी वीस किलोमीटरवर.

काल मी दादांना विचारलं, "काय हो, चौकशी संपणार कधी?"

दादा ट्रकची काच पुसत म्हणाले, "होऊ दे की सावकाश. अशा कामात घाई करू नये."