बोटभर पट्टी

हर्षदाचा हात बघायचा असेल तर सुरतेला पांडेसऱ्यात त्या बॉक्सच्या कारखान्यात जा. पेस्टिंगच्या टेबलावर ती साडीचा बॉक्स न बघता चिकटवते, गोंदाचा ठिपका बाहेर येत नाही. समोर तिची आई मालतीबाई, शेजारी सखुबाई, सुषमा. एकूण सहा जणी, सगळ्या धुळे-जळगावकडच्या. हात चांगला असणं हाही गुन्हा असतो, हे मला त्या टेबलाने शिकवलं.

बारावी झालेली ही पोरगी पाच वर्षं एकच मागत होती: सॅम्पल टेबल. तिथे नमुना कापायचा, घडी कुठे, खाच कुठे ते ठरवायचं. खुर्ची, पंखा आणि डोकं वापरायची परवानगी. शेठ दर दिवाळीला म्हणायचा, "आवता वरसे, बेन." पुढचं वर्ष कधी आलंच नाही.

यंदा मूळची कामरेजची, अमेरिकेत वाढलेली एक गायिका शेठकडे आली. तिच्या पॉप अल्बमच्या तीन हजार सीड्यांना पाकीट हवं होतं, परदेशी बँडच्या एका पाकिटासारखं. नमुना एकच. शेठने सगळ्यांसमोर जाहीर केलं, हे कसं बनलंय ते जो उलगडून सांगेल आणि इथे बनवून दाखवेल, सॅम्पल टेबल त्याचं. हर्षदा उठून उभी राहिली.

रविवारी ती पाकीट घेऊन आमच्या कामगार मंडळाच्या खोलीवर आली. घरात एवढं टेबल कुठलं? मागोमाग मालतीबाई डबा घेऊन.

"आते सीडी कोन वाजाडस व?"

"वाजाडाले नही माय, ठेवाले."

"मंग रिकामा डबाच दे ना त्यासले!"

हर्षदा हसली नाही. पाकीट काळं, बाहेरच्या खोळीला उभ्या चिरा, आणि चिरांमागे एका पोरीचा चेहरा. तुरुंगातून बघावं तसा. रिबन ओढली की आतली डबी सरकते आणि पोरीचे डोळे मिटतात. मी दहा वेळा ओढून पाहिली. लाज वाटते सांगायला, पण खेळलो.

"दादा, चित्रं दोन आहेत," ती म्हणाली. "पट्ट्या करून एकात एक बसवलेली. डबी बोटभर सरकली की एक झाकतं, दुसरं उघडतं. आपला साडीचा बॉक्स सगळं एका दमात दाखवतो. हे पाकीट गिऱ्हाइकाला थांबवतं. आणि काळा कागद मुद्दाम. बोट लागलं की डाग दिसतो. माणूस पुसत बसणार, जपणार. सीडी कुठंय? सगळ्यात खाली. तिची गरजच नाही."

मला कॉलेजवाल्यांची भाषणं ऐकून जांभया येतात. हिचं ऐकताना चहा गार झाला.

खरी मेख आत होती. डबी बोटभरच सरकते, पुढे येत नाही, कारण खोळीच्या आत कागदाची एक बारीक पट्टी चिकटवलेली. तिथे आपली मशीन पोचत नाही. हर्षदाने तसंच पाकीट कापलं, अगरबत्तीच्या काडीवर गोंद घेऊन खोळीत घातला, श्वास रोखला. पट्टी बसली. डाग नाही. शेठला द्यायच्या कृतीच्या कागदावर तिने त्या जागी एकच शब्द लिहिला: 'हाताने'. आपल्या माणसांची हीच खोड. हात फुकटचाच धरतात, स्वतःचासुद्धा.

सोमवारी शेठने सॅम्पल उघडलं, मिटलं, गायिकेला फोनवर दाखवलं. ऑर्डर पक्की. मग म्हणाला, "हर्षदा, तारा जेवो हाथ बीजा कोईनो नथी. आ पट्टी तो तुंज लगाडशे." म्हणजे तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, तर तीन हजार पट्ट्या तिनेच लावायच्या. सॅम्पल टेबलावर शेठचा भाचा बसला, हर्षदाचाच कागद पुढ्यात घेऊन.

मला हे चार दिवसांनी कळलं आणि माझं डोकं फिरलं. दुपारच्या सुट्टीत मी गेटवर जाऊन उभा राहिलो. "चल आत, शेठची टोपी उडवतो!"

"आवाज कमी करा, दादा." तिने पिशवीतून दुसरं पाकीट काढलं. ओढून पाहिलं. बोटभर सरकलं, थांबलं. आत पट्टीच नव्हती. खोळीच्याच कागदाला जीभ काढून आत दुमडलेली, खाचेत अडकवलेली. गोंदाचा थेंब नाही.

"कधी केलंस?"

"काल. चारशेवी पट्टी लावताना सुचलं."

"मग दाखव ना शेठला! हात नको म्हटल्यावर तुला टेबल द्यावंच लागेल."

"देईल की. आणि दुसऱ्या दिवशी साडीच्या बॉक्सलाही हीच जीभ लावेल. तो काय येडा आहे? मग गोंद कशाला लागेल? सखुबाई कशाला? सुषमा? माय?"

वीस वर्षं मी या गेटावर ओरडतोय. कुणाला काढलं की मी हजर. एकाही घोषणेत या पोरीसाठी ओळ नव्हती. दाखव म्हणालो तर पाच जणींचं काम जातं, आणि लपव म्हणालो तर ही त्या काडीला बांधलेली. ते पाकीट तिने सपाट केलं आणि पिशवीत डब्याच्या खाली सारलं.

आतून मालतीबाईंची हाक आली, "हर्षदा, ये व, गोंद सुकी जाई!"

"उनू, माय," म्हणत ती आत गेली.