माम्भेलेची मागची खोली

माझ्या भावजयीच्या हाताला दुसऱ्याची घाण दिसली की खाज सुटते. हे मी तिची नणंद असून सांगते आहे, आणि नणंदेनं भावजयीबद्दल बरं बोलायचं म्हणजे त्यात तथ्य असणारच.

तिचं नाव नोझुको. पण आमच्यात लग्न झालेल्या बाईला माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारतात, आणि ती भेले कुळातली, म्हणून सगळ्यांची माम्भेले. आमच्या मखांडा गावात विद्यापीठाच्या वरच्या चढावर एक निळ्या दारांचं घर आहे. मालकीण मिसेस टिंडल लांब समुद्राकाठी राहतात आणि घर विद्यार्थ्यांना भाड्यानं देतात. घराची साफसफाई माम्भेलेकडे होती, म्हणून मागच्या अंगणातली एका खिडकीची खोलीही तिच्याकडे होती.

खोली कसली, खुराडं. खाट टाकली की दार अर्धंच उघडायचं. पण त्या खोलीत ती डोक्याचा रुमाल काढून बसायची.

यात काय मोठंसं, असं वाटत असेल तर तुम्ही आमच्या घरात सून म्हणून येऊन बघा. सासरच्या माणसांपुढं सुनेचं डोकं उघडं दिसता कामा नये. सगळ्यांच्या आधी उठायचं, चहा करायचा, सासऱ्याच्या खुर्चीपुढून जायचं नाही. माझा बाप जाऊन युगं झाली, तरी त्याची खुर्ची आहे तिथंच आहे. माझा भाऊही गेला. नवरा गेला तरी बाईचं सूनपण जात नाही. आई अजून खमकी आहे आणि तिला सून लागते. साठीला टेकलेली असली तरी चालते.

माम्भेले त्या खोलीत राहायला गेली, तेव्हा आईनं एक अख्खा हिवाळा तोंड फुगवून काढला. मी पहिल्यांदा तिथं गेले तर ही खाटेवर बसलेली, डोकं उघडं. केस पांढरे झालेले. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण हिचे केस पिकलेत हे मला ठाऊक नव्हतं. मी दारातच थबकले. ती म्हणाली, "या वन्सं, बसा. आणि मी रुमाल बांधणार नाहीये. हे माझं दार आहे." त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला, खरं सांगते.

मी विद्यापीठाच्या फाटकाशी पिठाचे तळलेले गोळे विकते. माल संपला की चढ चढून तिच्याकडे चहाला जायचं, हा माझा नेम. त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

जानेवारीत नवी पोरं यायच्या आधी मिसेस टिंडल आल्या. बाई वाईट नाही, आणि तेच अवघड असतं. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात. माम्भेलेला त्या ग्लॅडिस म्हणतात. का, ते त्यांनाच ठाऊक.

"ग्लॅडिस, यंदापासून स्वयंपाकघर मुलांनीच स्वच्छ ठेवायचं. फ्रिज, ओव्हन, मायक्रोवेव्ह, सगळं. तू फक्त शिकव. जुलैत मी येऊन बघेन." मग अंगणात येऊन त्यांनी खोलीकडे मान वळवली. "किती छान खोली आहे गं ही! हल्ली मुलांना अशी वेगळ्या दाराची खोली फार हवी असते."

त्या गेल्यावर आम्ही दोघींनी हिशेब मांडला. इकडे आड, तिकडे विहीर. पोरं शिकली नाहीत तर, तुला ठेवलंय कशाला? शिकली तर, तू आता हवीस कशाला?

"अर्धवट शिकव," मी म्हटलं. "थोडं चकचकीत, थोडं कळकट. त्यात काय एवढं?"

"अर्धवट कसं शिकवतात ते आधी तुम्ही मला शिकवा, वन्सं."

चार पोरं आली. त्यातली खेनसानी नावाची मुलगी लांब उत्तरेच्या लिम्पोपोकडची, बोलायला फटकळ. आणि एक अयाबुलेला. हा डिसेंबरात आमच्या रिवाजाप्रमाणे जंगलात राहून, सुंता करून, नवा पुरुष होऊन आलेला. अंगात नव्या पुरुषाचा खाकी कोट, गळ्यापर्यंत बटणं, डोक्यावर टोपी. फ्रिजमधून दूध काढतानासुद्धा तोच थाट. त्यानं कूळ सांगितलं तर निघालं भेले! म्हणजे माम्भेले त्याची आत्या झाली. त्यानं टोपी काढून तिला नमस्कार केला, आणि पहिल्याच आठवड्यात सॉसेज तळून तव्यातली चरबी विजेच्या शेगडीच्या चकत्यांखाली सांडून ठेवली.

"बाळा, हे पुसायचं असतं," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा टोपी काढली. पोरगं अदबशीर हो, त्यात वाद नाही. "आत्या, मी आता पोर राहिलो नाही. शेगडी पुसणं पुरुषाचं काम नव्हे."

"मग तळणं बरं पुरुषाचं?" खेनसानी आतून ओरडली. "आमच्या नाकात तो वास बसलाय!"

नव्या पुरुषावर ओरडायची आमच्यात सोय नाही. बाईनं तर नाहीच नाही. मला वाटलं, झालं, हिची खोली वाचली. हा काही शिकत नाही.

पण माम्भेलेनं दुसऱ्या दिवशी चौघांना स्वयंपाकघरात बोलावलं. अयाबुलेलाला मधोमध खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या हातात आल्याच्या बिअरचा मग दिला. मग केरसुणीचा दांडा काठीसारखा धरून समोर उभी राहिली. नवा पुरुष घरी परतला की समारंभात थोर माणसं अशीच एकेक उठून त्याला उपदेश करतात. उपदेश चालू असताना त्यानं मान खाली घालून ऐकायचं असतं. उठून जाता येत नाही.

"भेले," ती म्हणाली, "जंगलात काय असतं ते मी विचारत नाही. बाईनं विचारू नये. पण तिथं तुझी आई नव्हती, एवढं मला ठाऊक आहे."

तो खाली बघत राहिला.

"मग तिथली राख कोणी काढली?"

खेनसानीनं तोंडावर हात दाबला. मीही शालीत तोंड लपवून हसले.

"ज्याला स्वतःची राख काढता येत नाही तो घर काय बांधणार? तुझ्या बापानं तुझी जुनी कापडं वाटून टाकली ना? ती घाण टाकायची सवय पण वाटून टाक. मी बोलले."

"खरं बोललात," आम्ही सगळे म्हणालो, समारंभात म्हणतात तसं.

अयाबुलेलानं बिअरचा मग रिकामा केला, उठला आणि कोट न काढता त्यावरून एप्रन बांधला. मला ते हसू अजून आवरत नाही.

मग काय, सुटलीच ती. फ्रिजच्या दाराचं रबर घडी उलगडून पुसायचं, कारण बुरशी तिथं दडते. आमच्या पाण्यानं किटलीत पांढरा थर धरतो, तो व्हिनेगर उकळून काढायचा. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाणी आणि लिंबाची फोड तापवायची, मग पुसायचं, खरवडायचं नाही. टोस्टरखालचा तुकड्यांचा ट्रे ओढून झटकायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम: मध्येच वीज गेली की आधी शेगडीची बटणं बंद, मग मेणबत्ती. नाहीतर तुम्ही वर्गात, वीज परत आलेली, आणि चरबी पेटलेली. पाणी येईल त्या दिवशी बादल्या भरून ठेवायच्या, आणि भांडी धुतलेल्या पाण्यानं जमीन पुसायची.

पोरं शिकत गेली तसा माझा घोर वाढत गेला. मेच्या सुमारास ती एकमेकांवरच ओरडायला लागली. "कोणी उसळ सांडली फ्रिजात? दारावर लिहिलंय का, हे तुझ्या आईचं घर म्हणून?" माम्भेले अंगणात उन्हात बसून ऐकायची. तिच्या तोंडावर समाधान दिसायचं आणि मला तिला हलवून जागं करावंसं वाटायचं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायाखालची जमीन झाडून काढत होती बया.

मिसेस टिंडल यायच्या दिवशी सकाळी मी धंदा सोडून वर गेले. पोरं न्हायला गेलेली. माम्भेले ओव्हनपुढं गुडघ्यांवर, हातात चमचाभर चरबी. माझ्याकडे न बघता तिनं ती ओव्हनच्या दाराला आतून फासली.

"शाब्बास," मी म्हटलं. "आता राहू दे."

"राहू देते."

आम्ही चहा घेतला. तिनं एकदा ओव्हनकडे पाहिलं. मी माझ्या आईच्या गुडघ्यांचं काहीतरी सांगायला लागले. तिनं परत पाहिलं. मी जोरात बोलायला लागले. ती उठली, फडकं पिळलं आणि दार पुसून लख्ख केलं.

मला इतका संताप आला की मी कप आपटला. "तुला त्या खुर्चीला परत वळसे घालत फिरायचंय का?"

"नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण हाताला ते कळत नाही, वन्सं."

"मग पोरांना सांगू या. म्हणावं, आम्हाला काही जमत नाही असं सांगा बाईंना."

"नको. तो पोरगा पुरुष होऊन पुरतं वर्ष नाही झालं. पहिलं खोटं त्याच्या तोंडून माझ्यासाठी वदवू?"

मिसेस टिंडल आल्या. फ्रिज उघडला, रबरावरून बोट फिरवलं. किटलीत वाकून पाहिलं. ओव्हनच्या दारावर आतून कागदी रुमाल फिरवला, तो पांढराच्या पांढरा राहिला. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

तेवढ्यात अयाबुलेला पुढं आला. टोपी काढून छातीशी धरली.

"बाई, हे सगळं आमच्या आत्याचं," तो म्हणाला. "ईस्टरपासून तिनं या घरात फडक्याला हात लावलेला नाही. आम्ही लावूच देत नाही. ती उन्हात बसते आणि आम्ही काम करतो. तिला आता काही म्हणजे काही करावं लागत नाही."

आमच्यात वडीलधाऱ्या बाईची याहून मोठी स्तुती नाही. तिला बोट हलवावं लागत नाही, म्हणजे तिनं माणसं घडवली. पोरगं अभिमानानं फुललं होतं. माम्भेलेनं मान लववून ती स्तुती घेतली, घ्यायची तशी.

"काही म्हणजे काहीच नाही?" मिसेस टिंडल म्हणाल्या.

"काहीच नाही," तो म्हणाला.

बाईंनी माम्भेलेला मिठी मारली. "ग्लॅडिस, कमाल केलीस!" मग हाताला धरून अंगणात नेलं. महिनाअखेरीस खोली मोकळी करायची, चांगली शिफारस लिहून देईन, आणि आठवण म्हणून घरातला जुना मायक्रोवेव्ह तुला. बोलताना बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. त्यांच्यावर चिडायचं तरी कुठून?

निघायच्या दिवशी खेनसानी ढसाढसा रडली. अयाबुलेलानं मायक्रोवेव्ह खांद्यावर घेतला. "आत्या घरी चालली, तर मी पोचवणार," म्हणाला. सगळ्या उतारभर तो आनंदात बोलत होता. आता आत्यानं आराम करायचा, लेकरांत बसायचं, आयतं खायचं. ती हो रे बाळा, हो रे म्हणत होती. मी पुढं पुढं चालत राहिले. बोलले असते तर त्याच्या अंगावरच गेले असते, आणि त्याचा काय दोष?

खाली आमच्या जोझा वस्तीतल्या घराच्या फाटकाशी ती थांबली. गाठोडं खाली ठेवलं, खिशातून रुमाल काढला आणि डोक्यावर घट्ट बांधला. कपाळावरची एक पांढरी बट बाहेर राहिली होती, ती बोटानं आत ढकलली.

अयाबुलेलाचं बोलणं थांबलं. "आत्या, हे घर कोणाचं?"

"माझ्या सासरचं."

पोरगं आमच्यातलंच. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं मायक्रोवेव्ह भिंतीवर टेकवला, टोपी काढली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माम्भेलेनं त्याच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून दिलं. "नीट शिकवलं ना मी तुम्हाला?" तिनं विचारलं. त्याला मान हलवावी लागली.

आतून माझ्या आईचा आवाज आला. "सून आली का गं? चहा टाक म्हणावं तिला. आणि ती शेगडी बघ म्हणावं, कुणी हात लावलेला नाही."

"आले, आई," माम्भेले म्हणाली, आणि बापाच्या खुर्चीला मागून वळसा घालून आत गेली.