इंद्रभान सरांचं 'व्हेरी'

इंद्रभान सरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या वहीवर 'व्हेरी गुड' लिहिलं नाही. लिहायचे ते फक्त 'गुड', बारीक अक्षरात, आणि खाली न चुकता तारीख. मालेगाव तालुक्यातल्या गावोगावी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण या एका बाबतीत माणूस महाचिक्कू. पोरं त्यांना पाठीमागे 'गुडसर' म्हणायची, आणि हे सरांना ठाऊक होतं.

रत्नमाला त्यांची विद्यार्थिनी. त्या एका शब्दासाठी तिनं काही म्हणून करायचं बाकी ठेवलं नाही. सातवीत अख्खा धडा पाठ म्हणून दाखवला, तर गुड. दहावीला इंग्रजीत तालुक्यात पहिली आली, वडिलांनी विहारात पेढे वाटले. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, गुड. डी.एड. झाली, नोकरी लागली, तरी गुडच. आता ती बेचाळीस वर्षांची, स्वतः पाचवीला इंग्रजी शिकवते, घरची दोन पोरं उंचीनं तिच्या वर गेली. पण ती सल काही गेली नाही. आपल्या वर्गात असली कंजुषी नको म्हणून तिनं शिक्काच करून घेतला होता. 'व्हेरी गुड', वर हसरा चेहरा. वह्यांच्या गठ्ठ्यावर तो धडाधड उमटायचा.

शाळेत पाठ बघायला एका जुन्या शिक्षकाला पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं, तेव्हा तिनं इंद्रभान सरांचं नाव सुचवलं आणि आमंत्रण द्यायला किन्हीराजा गावी त्यांच्या घरी गेली. चहा झाल्यावर एकदाचं विचारून टाकलं, "सर, तुमाले 'व्हेरी' लिवाले कधीच काहून जमलं नाही?"

सर हसले नाहीत. उठून त्यांनी फळीवरून एक जाडजूड शब्दकोश काढला. कारंज्याच्या रद्दीवाल्याकडे सापडलेला, पुठ्ठा सुटलेला. पान शोधावं लागलं नाही, कोश आपणहून तिथंच उघडला.

"आदी म्हनून दाखव. वरचे दात खालच्या ओठाले टेकव. 'वेरी' नाही, 'व्हेरी'. हवा घासून गेली पाह्यजे."

दोन पोरांच्या आईनं मुकाट्यानं दात टेकवले आणि म्हणून दाखवलं.

"आता आयक. हा शब्द मुळात इंग्रजायचा नाहीच. रोममदी लॅटिन बोलत, तवा 'वेरस' म्हनजे खरा. तो फ्रान्समदी गेला, तिथं त्याचं रूप बदललं, मंग इंग्लंडात आला. तवाही अर्थ खराच. व्हेरी गुड म्हनजे खरोखर चांगलं. आपुन कागदायचं व्हेरिफिकेशन म्हनतो ना, ते याच्याच घरातलं. पन लोकायनं व्हेरीले इतकं वापरलं का खरेपना झिजून गेला अन् नुस्तं 'लय' उरलं." सरांनी कोश मिटला. "हे समजलं तवापासून माहा हात उठेना. लेकराच्या वहीवर हे खरं हाय असं लिवाचं, अन् आपल्यालेच खातरी नसली तं?"

रत्नमालाच्या अंगावर शहारा आला. एवढासा शब्द, आणि केवढी वाट चालून आपल्या फळ्यावर आलेला! किती मेलेल्या माणसांनी तो खरं सांगायला उच्चारला असेल. एसटीत बसल्यावर ती वाटभर दात ओठाला टेकवून तो हळूच म्हणत राहिली. शेजारची म्हातारी बघत होती, पण रत्नमालाला त्याचं भान नव्हतं. आणि एक माणूस पस्तीस वर्षं या शब्दाचा मान राखत होता, लोकांचं हसू झेलत, कुणाला कारण न सांगता. तिला सरांपुढं एकदम लहान वाटलं. म्हणून तर त्यांच्याकडून तो शब्द मिळवण्याची ओढ आणखीच वाढली.

शनिवारी सर मागच्या बाकावर येऊन बसले. रत्नमालानं हाच शब्द शिकवायला घेतला. पोरांनी दात टेकवून हवा सोडली, वर्गभर फुरफुर झाली. नकाशावर बोट ठेवत ती रोमवरून इंग्लंडापर्यंत गेली, तसा वर्ग चिडीचूप झाला. आज मिळणार, तिला वाटलं.

तेवढ्यात निकिता उभी राहिली. वर्गातली सगळ्यात अबोल पोरगी.

"मॅडम, परवा माह्या वहीत तुमी व्हेरी गुडचा शिक्का मारला. ते खरं होतं काय? मी तं निबंद अर्धाच लिवला होता."

'हो गं, छानच होता' हे शब्द रत्नमालाच्या ओठांवर तयार होते. पोरगी खूश झाली असती, पाठही झोकात संपला असता. मागच्या बाकावर सर खिडकीबाहेर बघत होते. आणि फळ्यावर तो शब्द होता, तिनंच लिहिलेला.

"नाही, निकिता," ती म्हणाली. "मी तुही वही वाचलीच नव्हती. नुस्ता शिक्का मारला. लय जनायच्या वह्या मी वाचल्या नाहीत. चुकलं माहं. आता वाचत जाईन."

निकिता मान डोलावून खाली बसली.

पाठ संपल्यावर सरांपुढं शेरेबुक ठेवलं. आलेले पाहुणे त्यात आपलं मत लिहून जातात. रत्नमाला त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. 'पाठ: गुड.' खाली तारीख. 'व्हेरी' मागायला तिला आता तोंड राहिलं नव्हतं.

"पाठ गुडच होता, रत्ना," सर वर न बघता म्हणाले. "फ्रान्स दाखवतानी तुहं बोट स्पेनवर होतं."

पण पेनाला टोपण लावलं नव्हतं. वरचे दात खालच्या ओठावर दाबून, शाळकरी पोरासारखं, त्यांनी तारखेखाली आणखी एक ओळ लिहिली.

'निकिताला दिलेलं उत्तर: व्हेरी गुड.'

त्या ओळीखाली तारीख टाकायला मात्र सर विसरले.