पुढच्या एक्सलाचा अर्ज

डिचोलीच्या कचेरीबाहेर, आंब्याखाली, माझे टेबल असे. पोर्तुगीज अमदानीत मी पहिल्या ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शाळेपुरता, शिकलो. मराठी मात्र स्वतःच्या प्रयत्नाने कमावली. मुक्तीनंतर सरकारची भाषा बदलली, तेव्हा भल्याभल्या पदवीधरांना ज्याची धास्ती वाटे ते अर्जलेखनाचे काम मी अंगावर घेतले. लोक मला मास्तर म्हणत. दिवसभर माणसे येत, गाऱ्हाणे सांगत आणि अर्ज हातात पडताच पाठ फिरवीत. घरी मी एकटाच होतो. काही काम नसताही टेबलापाशी येऊन बसणारा मनुष्य एकच, सावंतवाडीकडचा एक ट्रकवाला.

लष्कराने लिलावात काढलेला जुना ट्रक त्याने घेतला होता आणि त्यातून तो खाणीवरचे खनिज वाही. खाणीची चढण लाल आणि निसरडी. तेथे मागच्या चाकांच्या जोडीला पुढच्या चाकांनीही जोर लावावा लागे. पुढच्या एक्सलाला, म्हणजे पुढच्या चाकांच्या आसाला, इंजिनाचा जोर जोडणारी कळ ह्या गाडीत हवा ओढणाऱ्या रबरी नळीवर चाले. ती नळी जुनी होऊन चिरली होती. ती कळ लावणारा चालकाजवळचा खटका ओढावा, पुढची चाके धरतील अशा भरवशाने चढणीला लागावे, आणि मध्यावर मागची चाके चिखल उडवीत रुतावीत. नवी नळी घातली तरी चार दिवस टिके. अखेर एका मिस्त्रीने नळी आणि कळ काढून तेथे खटक्याला थेट जोडलेला लोखंडी दांडा बसविला.

"मास्तरानू, येवा बघूक," म्हणत त्याने मला नेले, पुढचे एक चाक जॅकवर उचलले आणि हाताने फिरवायला लावले. खटका मोकळा असता ते गरगर फिरले. मग त्याने खटका ओढला. मी दोन्ही हातांनी रेटले, चाक हलेना.

"धरल्यान बगा!" माझ्या पाठीवर थाप मारून तो हसला. माझ्या पाठीवर थाप मारणारे दुसरे कोणी नव्हते.

गाडीच्या सरकारी तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याने तो दांडा पाहिला. "काय बदललं ते लिहून आणा, मग पास करतो," एवढेच तो म्हणाला. गाडी पास झाली नाही तर खाणीवरच्या फेऱ्या बंद, आणि पोटाचे दुसरे साधन त्याच्याजवळ नव्हते. तो तडक माझ्याकडे आला.

"लिवा, मास्तरानू. नळी फाटत होती, दांडो घातलंय, एक्सल आता धरता. बस्स."

तो माझा एकमेव स्नेही; त्याचा अर्ज चारचौघांसारखा निघावा हे मला पटेना. मी दीड पान लिहिले. 'मूळ लष्करी रचना समूळ नष्ट करून तिच्या जागी सर्वस्वी नूतन व अधिक बलशाली यंत्रणा प्रस्थापित करण्यात आली आहे.' रिवाजाप्रमाणे अर्ज मोठ्याने वाचून दाखविला.

त्याने डोके खाजविले. "ह्यो माझो ट्रकच मा? तुमी तर देवळाचो जीर्णोद्धार केलात!"

"गाडी तू हाक. कागद मी हाकतो."

"बरा बाबा. माका काय कळता!"

त्याने अंगठा उठविला. प्रत्येक अर्जाखाली लिहितो तसे त्याखाली मी लिहिले: 'वाचून दाखविले, समजले, कबूल आहे.'

अर्ज शेऱ्यासह परत आला. मूळ रचना नष्ट केल्याचे अर्जदार स्वतःच मान्य करतो, पूर्वपरवानगी नाही, गाडी पूर्ववत करून आणावी. मूळ कळ मिस्त्रीने केव्हाच भंगारात दिली होती, आणि फोंड्यापर्यंत शोधूनही दुसरी मिळाली नाही. मग मी दुसरा अर्ज केला, त्याच्याच शब्दांत, तीन ओळींचा. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "आधी दीड पान कबुली दिलीत, आता नळीची गोष्ट सांगता?"

गाडी पास झाली नाही, ट्रक भंगारात गेला. वास्कोच्या बंदरावर दुसऱ्याची गाडी चालविण्याचे काम त्याला मिळाले. जाण्यापूर्वी तो आला आणि नेहमीसारखा बसला. मी काही बोलेन म्हणून त्याने वाट पाहिली असावी. मी दौतीचे झाकण घट्ट करीत राहिलो.

"येतंय, मास्तरानू. जपून रवा," म्हणून तो उठला.

पुढे एकदा मी बसने वास्कोला गेलो. बंदराच्या फाटकातून गाड्या बाहेर पडत होत्या. त्यांतल्या एकीत तो होता. त्याने मला पाहिले नाही. हाक मारायची तर पुढे काय म्हणायचे, ते वाक्य मनात जुळवीपर्यंत गाडी वळणाआड गेली. परतीच्या बसमध्ये, फोंड्याच्या अलीकडे, ते जुळले. चूक माझी होती, एवढेच ते होते. आजतागायत मी ते कोणापाशी म्हटलेले नाही.