दुबईत डेन्मार्क दाखवताना

कार्यक्रम चांगला झाला की त्याचे फोटो निघतात, रिपोर्ट जातो, आभाराचे ईमेल येतात. फजिती झाली तर ती पाठवायला पत्ताच नसतो, म्हणून ती ऑफिसातच राहते आणि चार वाजताच्या चहाबरोबर बाहेर येते. आमच्या ऑफिसात अशा फजित्यांची आता अडगळ झाली आहे.

ऑफिस म्हणजे सिलिकॉन ओएसिसमधल्या दोन खोल्या आणि आम्ही तिघं. किर्स्टन आमची बॉस, डॅनिश. डेन्मार्कमधले कलाकार इकडे आणून त्यांचे कार्यक्रम करणं हे तिचं काम. इम्तियाजभाई मूळचे रत्नागिरीचे. स्टेज, गाड्या, परवाने, सगळं त्यांच्याकडे. आणि मी, पुण्याची, निवेदनापासून पोस्टरपर्यंत उरलेलं सगळं करणारी. डेन्मार्क मी अजून पाहिलेलं नाही. लोकांना मात्र सात वर्षं दाखवते आहे.

*

सुरुवातीचा एक फूड फेस्टिवल होता. काळ्या ब्रेडवर लिव्हरची पेस्ट लावून, वर काकडी ठेवून खायचा डॅनिश प्रकार. तिकडे तो डुकराच्या मांसाचा करतात. इथे अर्थातच आम्ही हलाल टर्कीचा करून घेतला होता. इम्तियाजभाईंनी स्वतः केटररच्या किचनमध्ये उभं राहून खात्री केली होती.

पाहुणे आले, प्लेटा भरल्या, सगळे खायला लागले. तेवढ्यात किर्स्टन माइकवर गेली. डॅनिश माणसाच्या आयुष्यात या पदार्थाचं काय स्थान आहे ते ती फार मनापासून सांगू लागली. शाळेच्या डब्यात हेच, आजारी पडलो तरी हेच, आणि हे सगळं आमच्या देशातल्या उत्तम डुकरांमुळे.

हॉलमधली तोंडं हलायची थांबली. एक गृहस्थ घास गिळावा की कागदात काढावा या विचारात तसेच उभे राहिले. मला स्टेजखाली शिरावंसं वाटलं. इम्तियाजभाईंनी धावत जाऊन माइक घेतला आणि अरबी, हिंदी, इंग्रजी, जे सुचेल त्या भाषेत सांगत सुटले, "हबीबी, टर्की. ओन्ली टर्की. सब टर्की है."

लोक परत खायला लागले. घाम पुसत मी बाजूला झाले, तर एका वयस्क बाईंनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हे सगळं टर्कीचं आहे, तर मग डेन्मार्कचं काय आहे?"

*

डॅनिश नावं लिहितात एक आणि म्हणतात दुसरं. निम्मी अक्षरं तोंडातल्या तोंडात विरघळून जातात. किर्स्टन मला शिकवायची, मी घरी आरशासमोर घोकायचे आणि माझी मुलगी म्हणायची, "मम्मा, आर यू ओके?"

एकदा शेजारच्या देशात, मस्कतला कवितावाचन होतं. हट्टाच्या बॉर्डरवर बॅनर तपासण्यात इतका वेळ गेला, की आम्ही पोचलो ते थेट स्टेजवरच, नावाचा उच्चार विचारायचा राहूनच गेला. कवी पहिल्या रांगेत बसले होते, उंच, दाढीवाले, अबोल गृहस्थ. मी त्यांची ओळख करून दिली, पुस्तकं सांगितली, आणि छापलं होतं तसं दणक्यात नाव घेतलं: मॅड्स लिंडेगार्ड.

टाळ्या झाल्या. कोणी उठलं नाही. मी पुन्हा नाव घेतलं, जरा जास्त प्रेमाने. पुन्हा टाळ्या. कवीसुद्धा टाळ्या वाजवत होते. मान वळवून मागच्या रांगांमधून कोण उठतंय ते पाहत होते.

शेवटी किर्स्टनने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा ते दचकून उभे राहिले. स्टेजवर येऊन त्यांनी माझी माफी मागितली. म्हणाले, "माझ्यासारखाच आणखी एक कवी आलाय असं वाटलं. त्याला ऐकायची फार उत्सुकता होती."

*

मग तो फोटोंचा प्रकार. डेन्मार्कमध्ये ऐन थंडीत समुद्रात डुबकी मारायची रीत आहे, आणि बरेच जण ती अंगावर काही न घालता मारतात. इंगे नावाच्या फोटोग्राफर बाईंनी आयुष्यभर या लोकांचे फोटो काढलेले. इथे आणताना आम्ही फक्त कपड्यातले निवडले होते. उद्घाटनाच्या सकाळी खोका उघडला तर एक चुकून आलेला: चार म्हाताऱ्या बायका, पाठमोऱ्या, शिडीवरून पाण्यात उतरताहेत.

तो बाजूला काढून ठेवायचा, एवढं साधं होतं. पण इंगेबाई एअरपोर्टवरून निघाल्या होत्या आणि फोनवर सांगत होत्या, की तो त्यांचा सगळ्यात लाडका फोटो आहे, शिडीवरची पहिली बाई त्यांची आई आहे. हॉलचा मॅनेजर म्हणत होता, दिसता कामा नये. इम्तियाजभाईंनी फोटो टांगला आणि त्याच्यापुढे पामची ही एवढी मोठी कुंडी आणून ठेवली. "ताई, फोटो आहे पण आणि नाही पण," म्हणाले. "खलास."

इंगेबाई आल्या. चालत चालत कुंडीपाशी थांबल्या. मी जमिनीकडे बघत राहिले. दुसऱ्याच्या आईला झाडामागे उभं करून ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि तेच तर आम्ही केलं होतं.

प्रमुख पाहुण्या इथल्याच होत्या, एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, काळ्या अबायातल्या, हातात काठी. कुंडीपाशी आल्यावर त्यांनी दोन बोटांनी पान बाजूला केलं. मॅनेजरने डोळे मिटले. बाईंनी निवांत पाहिलं, पान सोडलं आणि इंगेबाईंना विचारलं, "पाणी खूप गार होतं का?"

इंगेबाई म्हणाल्या, खूप.

"मग त्या का हसताहेत?"

"तुम्हाला पाठीवरून कळलं?" इंगेबाईंनी विचारलं.

त्यानंतर कुंडीपुढे बायकांची रांग लागली. पुरुषांना इम्तियाजभाईंनी चहाकडे वळवलं.

*

एकदा किर्स्टनच्या मनात आलं, की नेहमीच्याच लोकांना किती दाखवायचं, मुहैस्नाला जाऊ. तिथे कामगारांचे कॅम्प आहेत. आपल्याकडचे लोक त्या भागाला सोनापूर म्हणतात. डेन्मार्कहून गायकांचा एक ग्रुप आला होता, त्यांना बसमध्ये घालून सुट्टीच्या दिवशी आम्ही एका कॅम्पच्या अंगणात नेलं.

माणसं अंघोळी करून, इस्त्रीचे शर्ट घालून बसली होती. आमच्या फोटोग्राफरला दुसरीकडे जायची घाई होती, म्हणून गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याने त्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं, फोटोसाठी. त्यांनी वाजवल्या. मग हसायला सांगितलं. ते हसले. ते मला बघवलं नाही आणि थांबवायलाही सुचलं नाही.

गायकांनी वसंत ऋतूवरची गाणी म्हटली, बर्फ वितळण्याची, बीच नावाच्या झाडांना पालवी फुटण्याची. लोकांनी शांतपणे ऐकली. संपल्यावर पुढच्या रांगेतला एक जण उठला आणि हिंदीत म्हणाला, "आता आमचंही एक ऐका."

आमच्या वेळापत्रकात ते नव्हतं. पुढे हॉटेलवर डिनर होतं. किर्स्टनने घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या माणसाला सांगितलं की बस निघतेय, पुढच्या वेळी नक्की, इन्शाल्ला. तो "ठीक है मॅडम" म्हणून खाली बसला. कोणी रागावलं नाही. आम्ही सगळे मान खाली घालून बसमध्ये चढलो.

ड्रायव्हर पेशावरचा, खानसाहेब. एरवी आम्ही चढायच्या आत "यल्ला यल्ला" करून घाई करणारा माणूस. त्याने किल्ली काढून खिशात घातली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "गाडी खराब हो गया."

किर्स्टनने विचारलं, किती वेळ लागेल. खानसाहेबांनी खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. "दो-तीन गाना," ते म्हणाले.

*

आता ही शेवटची गोष्ट. ही मी चहाला सांगत नाही.

डेन्मार्कहून योहानेस नावाचे एक बाहुलीवाले आले होते, सत्तरीचे. लाकडी बाहुल्या, हातात घालून चालवायच्या. आजोबा आणि नात अशी गोष्ट. एका शाळेच्या हॉलमध्ये खेळ होता, मुलं आणि पालक दोन्ही. पोस्टर मी केलं होतं: धमाल फॅमिली शो. गोष्टीच्या शेवटी आजोबा जातात हे मला माहीत होतं. पण ते कसं दाखवतात ते पाहिलं नव्हतं.

आजोबा बाकावर आडवे झाले. योहानेसनी आपला हात हळूहळू त्यांच्यातून बाहेर काढला. बाहुली तशीच पडून राहिली, रिकामी.

हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. एक गृहस्थ उठून माझ्याकडे आले, आवाज खाली ठेवून मराठीत म्हणाले, "अहो, आधी सांगायचं नाही का? लहान मुलं आहेत. धमाल लिहिलंय तुम्ही." मी सॉरी म्हटलं. प्रिन्सिपल मॅडम दारातून माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्याकडे पाहूनही सॉरी म्हटलं.

योहानेसना यातलं काही कळलं नाही. ते स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले आणि मुलांना इंग्रजीत विचारलं, "आजोबा आता कुठे गेले?"

कोणी म्हणालं हेवन. कोणी म्हणालं जन्नत. कोणी वर बोट केलं. हे लवकर संपू दे, एवढंच मी म्हणत होते.

दुसऱ्या रांगेत दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली. "ही वेंट बाय कार्गो," ती म्हणाली.

योहानेसना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"कार्गो. लाइक माय आजोबा," ती त्यांना समजावून सांगू लागली, जरा सावकाश, परक्या माणसाला सांगतात तसं. "वी वेंट टू मुंबई इन द सेम प्लेन. वी वेअर अपस्टेअर्स अँड ही वॉज डाउनस्टेअर्स, अंडर अवर फीट."

माझ्यापुढे उभे असलेले गृहस्थ तिथेच, कुणाच्या तरी रिकाम्या खुर्चीत बसले.

"अँड वॉट डिड यू डू?" योहानेसनी विचारलं.

"नथिंग," ती म्हणाली. "आय टुक ऑफ माय शूज."