ओल्या गवतावरचे ठसे

झेंडावंदनाला उशीर होत होता, म्हणून मी सोसायटीच्या ओल्या गवतातून आडवी निघाले. प्रमुख पाहुणे, आमच्याच इमारतीतले निवृत्त मेजर, फरशीच्या कडेला थबकले होते.

"इकडून या, जवळ पडेल," मी म्हणाले.

"वहिनी, आहात तिथंच थांबा," ते हळूच म्हणाले. मग माझ्या पावलांच्या एकेका ठशात नेमका बूट ठेवत आले. कपाळावर घाम होता.

शेजारच्या देशातल्या यादवीत, सुरुंग पेरलेल्या शेतातून त्यांनी दोन जखमी जवान खांद्यावर बाहेर आणले होते. छातीवरचं पदक त्याचंच. दर वर्षी आम्ही शाल-नारळ देतो, टाळ्या वाजवतो. अशा माणसाला भीती नसतेच, असं मी धरून चालले होते. ती अजून होती. म्हणजे तेव्हाही असणार, आणि तरी एकाला बाहेर ठेवून ते दुसऱ्यासाठी पुन्हा आत गेले.

राष्ट्रगीत संपलं. लोक गप्पा मारत गवत तुडवत गेले. मला मात्र त्यावर पाऊल टाकवेना; मी कडेलाच थांबले. मेजर जवळ आले.

"मी पुढं होतो, तुम्ही मागून या," म्हणाले, आणि गवत निरखत त्यांनी पहिला पाय त्यावर टेकवला.