ताप म्हणजे चेअरमन

बेलापुरातल्या ज्या घराच्या रांजणात आमच्या घरमालकांनी वाकून पाहिलं नाही, असं घर त्या गावात बांधलंच गेलं नव्हतं. तीस वर्षं ते हिवताप खात्यात होते. खाकी कपडे, सायकल, खांद्याला पिशवी; पिशवीत काचपट्ट्या, सुया, गोळ्या आणि एक लांबलचक रजिस्टर. दर पंधरवड्याला प्रत्येक दारात उभं राहायचं, "ताप आहे का कुणाला?" असं विचारायचं, असेल त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढचं दार गाठायचं. मी गावातल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि फेरी चालूच होती. खात्याने काचपट्ट्या आणि गोळ्या परत घेतल्या होत्या, सायकल त्यांची स्वतःची होती. कुणी छेडलंच तर म्हणत, "मी रिटायर झालो. डास झालेत का?"

दर शनिवारी घरात 'कोरडा दिवस' असे. त्या दिवशी माठ, हंडे, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं ते स्वतःच्या हाताने उपडं करत. एका शनिवारी माझे काका नगरहून भेटायला आले होते. त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, बोलता बोलता खाली ठेवला, आणि पुन्हा उचलला तेव्हा तो रिकामा होता. घरमालकांनी तो मोरीत ओतला होता. "साचलं होतं," ते शांतपणे म्हणाले. घरमालक स्वतःच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हा मंडळींनी त्यांनाही रीतीप्रमाणे प्रश्न विचारायला सांगितलं. त्यांनी मुलीकडे प्रेमाने पाहिलं आणि विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाला थंडी वाजून ताप?" मुलगी हुशार होती. "धाकट्या भावाला होता, पण साधा होता," म्हणाली. ते उठले ते थेट भावाला बघायला आतल्या खोलीत गेले. लग्न जमलं.

नोंद म्हटली की मात्र त्यांच्याशी थट्टा चालत नसे. एका पावसाळ्यात प्रवरेला पूर आला आणि पलीकडच्या वस्त्यांवर जाता येईना. खात्यातल्या बाकीच्यांनी घरबसल्या रकाने भरले. यांनी त्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'गेलो नाही. पूर.' त्यासाठी मिळालेला मेमो त्यांनी पेटीत जपून ठेवला होता आणि पाहुण्यांना दाखवत. "न जाता भरलेला रकाना म्हणजे जिवंत माणसाच्या नावाने खोटं बोलणं," असं ते म्हणत. गावाला त्यांचा हा स्वभाव ठाऊक होता. त्यातून ते प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत उभे राहत, ही तर फारच दुर्मिळ गोष्ट. बायका तापाबद्दल सांगता सांगता सासूबद्दल, जावेबद्दल, मोडत आलेल्या सोयरिकीबद्दल सगळं सांगून टाकत. ते मान डोलवत आणि रजिस्टरात 'ताप नाही' एवढंच लिहीत.

अशा माणसाचा राजकारणाशी काय संबंध? पण जिल्हा परिषदेची निवडणूक आली, आणि एकाच पक्षाच्या एकाच तिकिटासाठी गावातले दोघे उठले. एक दूध संस्थेचे चेअरमन, दुसरे वकीलसाहेब. ज्याच्यामागे गाव जास्त, त्याला तिकीट, असं वरून सांगण्यात आलं होतं. चेअरमन सकाळीच आमच्या ओसरीवर आले. "नाना, तुमाला समदी घरं म्हाईत हायेत. कोन आपला, कोन वकिलाचा, येवढं लिवून द्या. बाकी कायबी नको."

"मी राजकारणात पडत नाही," घरमालक म्हणाले. पण त्यांची नजर चेअरमनच्या हातातल्या वस्तूवर खिळली होती. नवं, कोरं, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, दोनशे पानी लांब रजिस्टर! चेअरमन ते बाजेवर ठेवून गेले. दुपारी मी शाळेतून आले तेव्हा घरमालक पट्टी घेऊन रकाने आखत होते. रकाने मात्र त्यांना एकाच प्रकारचे येत. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं, लक्षणं. त्यामुळे चेअरमनच्या बाजूचा तो 'ताप', वकिलांच्या बाजूचा तो 'थंडी', आणि ज्याचं अजून ठरत नव्हतं त्याला 'अंगदुखी'. पंधरा दिवसांत गाव भरून झालं.

यानंतर जे घडलं त्यात माझाही हात आहे. रजिस्टरची एक प्रत असावी, असं त्यांना वाटलं. मी श्रीरामपूरला जाणारच होते. "एकच प्रत काढा, असं नीट सांगा," ते म्हणाले. मी झेरॉक्सवाल्याला नीट सांगितलं आणि मशीन चालू असताना समोर उसाचा रस प्यायला गेले. हा झेरॉक्सवाला वकीलसाहेबांचा साडू लागतो, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, मला नव्हतं.

दुसरी प्रत त्याच दिवशी वकीलसाहेबांकडे पोचली. त्यांनी पानं उलटली. ताप, ताप, अंगदुखी, ताप. रजिस्टर चेअरमनने दिलंय, हे त्यांच्या कानावर होतंच. त्यांनी कपाळावर हात मारला. चेअरमन गावातल्या आजाऱ्यांची यादी करतोय, म्हणजे आरोग्य शिबिर घेऊन गाव खिशात घालणार! तिसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पो, एक भोंगा आणि श्रीरामपूरहून आणलेला डॉक्टर गावात शिरला. जिथे 'ताप' तिथे हिवतापाच्या कडूजहर गोळ्या आणि बिस्किटाचा पुडा, जिथे 'अंगदुखी' तिथे बामच्या डब्या. 'थंडी' त्यांनी सोडून दिली, कारण त्या उन्हात थंडी कुणाला वाजणार? म्हणजे चेअरमनच्या पक्क्या माणसांना घरपोच औषधं, आणि वकिलांची स्वतःची माणसं हात हलवत दारात उभी. "आमी काय मेलो व्हय?" असं त्यांच्याच गल्लीत सुरू झालं. इकडे चेअरमनचा उजवा हात असलेला पैलवान, ज्याला जन्मात ताप आला नव्हता, त्याने सगळ्या गोळ्या एकदम गिळल्या आणि कानात दिवसभर भुंगे ऐकत लोकांना सांगत फिरला, "वकील मानूस लई चांगला हाय!"

ही बातमी आली तेव्हा घरमालक जेवत होते. ते उष्ट्या हाताने उठले आणि तसेच वकिलांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. मी मागे धावले. ओट्यावर वीस-पंचवीस माणसं होती.

"वकीलसाहेब, रक्ताचा नमुना न घेता गोळी? एकाची तरी काचपट्टी केलीत?"

"तुमच्याच रजिस्टरात ताप लिहिलाय की," वकील बोलून गेले आणि जीभ चावली.

"अहो, तो ताप म्हणजे ताप नव्हे!" घरमालक ओरडले. "ताप म्हणजे चेअरमन! थंडी म्हणजे तुम्ही!"

चोरी कुणी केली आणि खुणांचा अर्थ काय, या दोन्ही गोष्टी एका मिनिटात सगळ्या गावासमोर आल्या होत्या.

मग आमच्या दारात रांग लागली. "माझ्या नावाफुडं काय लिवलंय?" चेअरमनच्या चुलतभावाला स्वतःसमोर 'थंडी' दिसली. तो रागावला नाही, फक्त "हळू बोला" म्हणाला. फळवाले बागवानचाचा 'अंगदुखी'त होते. त्यांना बामच्या दोन डब्या मिळाल्या होत्या. "नाना, हमारा अभी ठरलं नाही, ऐसाच रहने दो," असं बजावून ते गेले.

या सगळ्या हसण्यात एक माणूस मात्र भरडला गेला. वकिलांचा कारकून शांताराम. वकिलांनी आता ती प्रत नव्या नजरेने वाचली. 'शांताराम, थंडी.' त्याच्याखाली त्याच्या बायकोचं नाव, 'सुमन, ताप.' आपल्याच कारकुनाच्या घरात चेअरमनचा माणूस! "उद्यापासून येऊ नको," त्यांनी शांतारामला सांगितलं.

सुमन आमच्या मागच्या अंगणात येऊन बसली. घरमालकांच्या बायकोने चहा पुढे केला, तिने घेतला नाही. "माझ्या बाळंतपनात चेअरमननी जीप दिली हुती," ती म्हणाली, "म्हनून बोलले मी. पर नाना, मी ते तुमाला सांगितलं हुतं. दारात. चेअरमनला न्हाई सांगितलं, रजिस्टरला न्हाई सांगितलं."

तो शनिवार होता, आणि त्या दिवशी घरातलं कुठलंच भांडं उपडं झालं नाही.

पुढच्या आठवड्यात पक्षाचे निरीक्षक श्रीरामपूरच्या विश्रामगृहावर तक्रार ऐकायला बसले. घरमालक मूळ साक्षीदार आणि मी झेरॉक्सची साक्षीदार. चेअरमन म्हणाले, "रजिस्टर माझं, ते चोरलं." वकील म्हणाले, "नावं सरकारी मतदारयादीतली, ती कुणाच्या बापाची नाहीत." चेअरमन म्हणाले, "माझ्या मानसांना गोळ्या घातल्या." निरीक्षक दचकले, तेव्हा गोळ्या कसल्या ते समजावून सांगावं लागलं. एवढ्यात घरमालक उठून टेबलापाशी गेले, फुलदाणीत डोकावले आणि म्हणाले, "साहेब, आधी हे बघा. अळ्या." निरीक्षकांनी पाहिलं. मग त्यांनी स्वतःचे चावलेले हात पाहिले. फुलदाणी बाहेर नेऊन ओतेपर्यंत कामकाज थांबलं.

पुन्हा सुरू झालं तेव्हा वकिलांनी शेवटचा कागद काढला. "ही हेरगिरी आहे, साहेब. माझ्या कारकुनाच्या घरात यांनी माणूस पेरला. ही बघा नोंद."

निरीक्षकांनी घरमालकांकडे पाहिलं. ते उभे राहिले. मला त्यांच्या सदऱ्याची शेवटची गुंडी चुकीच्या काजात दिसत होती.

"ती नोंद खोटी आहे, साहेब," ते म्हणाले. "त्या घरी मी गेलोच नव्हतो. घरी बसून रकाना भरला."

मी खुर्चीत सरसावून बसले. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"मंग बाकीचं बी घरी बसूनच लिवलं का काय?" चेअरमन ओरडले.

"सांगता येत नाही," घरमालक म्हणाले. "वय झालं."

ज्या रजिस्टरसाठी दोघे भांडत होते, त्याची किंमत तिथल्या तिथे शून्य झाली. निरीक्षकांनी तक्रार मिटवली, आणि तिकीट शेजारच्या गावातल्या एका माणसाला दिलं, ज्याला ना ताप होता ना थंडी, कारण तो रजिस्टरातच नव्हता. शांताराम चार दिवसांत कामावर परत गेला. वकिलांचं अक्षर वाचू शकणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता.

परतताना आम्ही टेम्पोत समोरासमोर बसलो होतो. गाव जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो, तेही सरकारी इमारतीत. आणि बरं वाटतंय. हे काही चांगलं लक्षण नाही."

त्यानंतर ते फेरीला जात राहिले, पण हातात काही न घेता. गावात काही दिवस चेष्टा झाली. "नाना, आज खरंच आलात, का घरी बसूनच?" असं एखादा दारातून विचारायचा. ते हसायचे आणि वाकून रांजण बघायचे. दोन वर्षांनी माझी बदली नगरला झाली, मी सावेडीत घर केलं. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. दिवस होऊन गेल्यावर मी बेलापूरला गेले, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात सुमन भाकरी थापत होती. मला बघून ती पीठ झाडत बाहेर आली.

"ताई, मी त्यांना सांगितलं हुतं दारात. ते आल्ते आमच्या घरी. त्यांनी बरोबर लिवलं हुतं."

"मला माहीत आहे, सुमन."

"तुमाला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पर ते खरं लिवत हुते, हे माझ्या तोंडून मी आजपत्तुर कुनालाच सांगितलं नव्हतं."